कुलूप कुणी तोडलं नाही

फोन आला तेव्हा मी दोह्यात, अल थुमामातल्या आमच्या घराजवळच्या दुकानात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो. रत्नागिरीकडून जुबेदाभाभींचे मोठे भाऊ बोलत होते. "यासीन गेला हो. आज असरच्या नमाजानंतर दफन आहे." मी विचारलं, कोण यासीन? पुन्हा विचारलं, अहो कोण यासीन? कारण माझा यासीन चार दिवसांपूर्वी फोनवर खो खो हसत होता. पलीकडे त्यांना हुंदका आवरेना. मी जुडी ठेवली, बाहेर येऊन गाडीत बसलो आणि ऑगस्टच्या त्या उन्हात एसी लावायचंही सुचलं नाही. दफनाला पोचणं शक्यच नव्हतं. आता महिना होऊन गेला. पुरवणीवाल्यांनी चार हृद्य आठवणी लिहायला सांगितल्यात. हृद्य आठवणी माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण राग त्याहून जास्त आहे, आणि तो गिळून लिहायला बसलो तर हातून नुसतं गुळगुळीत काहीतरी उतरेल, म्हणून तसं लिहीत नाही.

यासीनभाई आणि मी एकाच वर्षी कतारला आलो. मी नाशिककडचा ड्राफ्ट्समन, तो कोकणातला सर्व्हेअर, दोघंही एकाच बांधकाम कंपनीत. पहिली सहा वर्षं मदिनत खलीफातल्या एका व्हिलाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. त्याच्या बांगड्याच्या वासाने मी वैतागायचो आणि माझ्या ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला तो कधी नावाने हाक मारत नसे. "काय नाशिककर, उठलास का मेल्या?" अशी आमची सकाळ व्हायची. दिवसभर उन्हात तिपाईवर यंत्र लावून तो रस्त्यांच्या खुणा ठोकायचा. दोह्यातल्या कितीतरी रस्त्यांवरून आज गाड्या सुसाट जातात, त्यांची पहिली खुंटी या माणसाने मारलेली आहे. दुसऱ्यांना वाटा आखून देण्यात त्याचा जन्म गेला. आणि स्वतःच्या घराला? सांगतो.

दर सुट्टीला गडी गावाला. बायको, जुबेदाभाभी, तिकडे, घराचं काम तिकडे. वडिलार्जित जागेची वाटणी झाली तेव्हा पुढचा, रस्त्याकडचा तुकडा धाकट्या भावाला, सलीमला, मिळाला आणि मागचा यासीनला. मागच्या जागेत त्याने वीस वर्षं रखडत एक टुमदार चिऱ्याचं घर उभं केलं. तिथून गाडीरस्त्यापर्यंत दोनशे पावलांची वाट, सलीमच्या अंगणाच्या कडेने. बापाच्या काळापासून सगळे तिथूनच जायचे. दोन वर्षांपूर्वी सलीमने जुना दगडी गडगा काढून कंपाउंडची भिंत घातली, यासीनच्या बाजूला लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप ठोकलं. म्हणाला, सातबाऱ्यावर वाट दाखव. आता सातबाऱ्यावर वाट नव्हती हे खरं. सख्खा भाऊ असं काही करेल हे बापाला सुचलं नव्हतं, हीच काय ती बापाची चूक. तेव्हापासून जुबेदाभाभी मागच्या उतारावरून खाली, पऱ्याचा ओहोळ ओलांडून, पलीकडच्या वाडीतून वळसा घालून रस्त्याला लागतात. पावसाळ्यात पऱ्याला पाणी असलं की आणखी वर साकवाच्या अरुंद पुलापर्यंत जायचं. गॅसचा सिलिंडर खांद्यावरून येतो. भावाचं काय अडलं होतं? काही नाही! त्याला गाडी आत लावायची होती.

त्या वर्षी पहिल्यांदाच यासीन सुट्टीत गावाला गेला नाही. "ज्या घराला वाट नाय तिथं जाऊन काय करू, उडत जाऊ?" नुसता खोलीत बसून धुमसत होता. मी जूनमध्ये लेकीकडे इंग्लंडला चाललो होतो. आमच्या हिचा गुडघा दुखत होता म्हणून ती येणार नव्हती. मी त्यालाच म्हटलं, चल. भाभींनाही फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, न्या हो त्यांना, इथं येऊन नुसते भिंतीकडे बघत बसतील.

केतकी तिथल्या एका जुन्या बाजारगावात फिजिओथेरपिस्ट आहे. गावाचं नाव सांगत नाही, पोरीची नोकरी आहे तिथं. मधोमध दगडी चौक, एका बाजूला खांबांवर उभी असलेली जुनी बाजारकचेरी, तिच्या खाली पूर्वी लोणी आणि अंडी विकायचे म्हणे. आठ-नऊशे वर्षं आठवड्याचा बाजार भरतोय. यासीनला बाजार बघायचा होता. आणि आम्ही दोन शहाण्यांनी काय करावं? वर्षानुवर्षं शुक्रवार-शनिवारची सुट्टी अंगात मुरलेली. शनिवारी आम्ही आरामात उठलो, चहावर चहा ढोसले, सुट्टीच्या दिवशी कसला बाजार म्हणून घरात लोळलो. रविवारी, म्हणजे आमच्या हिशेबात आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, सकाळी आठला इस्त्रीचे शर्ट घालून पिशव्यांसकट चौकात हजर. तिथे आम्ही, चार कबुतरं आणि कोबीची दोन तुडवलेली पानं. केतकीला फोन केला तर ती ड्युटीवरून ओरडली, "बाबा, मार्केट वॉज यस्टरडे! आय टोल्ड यू!" मी लेकीवर चिडलो, मग यासीनवर, मग त्या बंद दुकानांवर. बाहेरगावच्या बससुद्धा रविवारी बंद. यासीन मात्र कितीतरी आठवड्यांनी हसला. "खलास! आता पायीच फिरू. यल्ला, चल नाशिककर."

गाव संपतं तिथे एका लाकडी खांबावर बाणाची पाटी होती, सार्वजनिक पाऊलवाट. बाण सरळ एका शेताकडे. हिरवा गहू मांडीपर्यंत आलेला आणि त्याच्या मधोमध कापून, तुडवून ठेवलेली मातीची पट्टी लांब टेकडीपर्यंत गेलेली. यासीन कुंपणाशीच थांबला. "अरे, पीक हाय. कुणाचं तरी शेत हाय हे." मी म्हटलं, पाटी आहे ना. तरी तो चोरासारखा, अंग चोरून चालत होता. अर्ध्यात पोचलो तर समोरून चारचाकी मोटरसायकलवर शेतकरी. यासीन जागीच उभा राहिला, हात जवळजवळ जोडलेले. त्या माणसाने गाडी बंद केली, हवा छान आहे म्हणाला, पुढच्या शेतात वासरं घेऊन गाई आहेत तेवढं सांभाळून जा म्हणाला. यासीनने त्याच्या इंग्रजीत विचारलं, ही जमीन तुमची? हो. आणि तुम्ही आम्हाला इथून जायची परवानगी देता? तो हसला. त्याचं इंग्रजी उत्तर मराठीत सांगायचं तर असं, "परवानगी द्यायला ती माझी कुठे आहे? शेत माझं. वाट लोकांची. माझ्या आजोबांच्या आधीपासून लोक इथून चर्चला जातात. मी फक्त पेरताना ती मोकळी ठेवतो."

तो निघून गेला आणि यासीनने काय केलं असेल? वाट मोजली. आडवी, पावलाने, मग हाताने. "सव्वा मीटर," म्हणाला. "माझी तर तेवढीपण नाय मागत मी." शेताच्या टोकाला कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या, त्यांवर बसला आणि मग त्या रिकाम्या माळावर त्याने सलीमला ज्या काही शिव्या घातल्या ना... मी सव्वीस वर्षांत त्याच्या तोंडून अशी शिवी ऐकली नव्हती. "ह्याच्या आज्यानं ठेवली तर नातू ठेवतो! परका माणूस, आमचा कोण? माझ्या बापानं ठेवली होती ना रे वाट? माझा भाव हाय ना तो? त्याला मी ह्या खांद्यावर शाळेत नेलाय!" गाई लांबून बघत होत्या. मग डोळे पुसून म्हणाला, "आता सोडत नाय. अर्ज करतो."

आणि इथे माझा स्वतःवरचा राग सुरू होतो. परत आल्यावर त्याने खरंच तयारी केली. हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही समैस्माला समुद्रावर गेलो होतो. चटईवर त्याने नकाशा पसरला. काय नकाशा होता! भिंत, फाटक, पऱ्या, जुना आंबा, प्रत्येक अंतर मीटरमध्ये, आणि सलीमच्या अंगणाच्या कडेने तुटक रेषांनी ती वाट. सोबत तहसीलदाराच्या नावे अर्ज. मी वाचला, घडी घातली आणि शहाण्यासारखं म्हणालो, "अरे, भावाला नोटीस पाठवून गावात कसा राहशील? दोन वर्षांत तू कायमचा परत जाणार. भांडण वाढवू नकोस. समजुतीने घे." किती सोपं होतं मला! माझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ वाळूत बोटाने रेघा मारल्या आणि म्हणाला, "तू म्हणतोस तर बघतो." अर्ज बॅगेत गेला तो गेलाच.

या ऑगस्टमध्ये तो गावाला गेला आणि समजुतीने घ्यायला भावाकडे गेला. मला फोन केला तो हाच, शेवटचा. "चहा पाजला रे त्यानं. बिस्किटं दिली. विचार करतो म्हणाला." आणि हसत होता, लहान पोरासारखा. मीही खूश, माझाच सल्ला ना! चार दिवसांनी सकाळी न्याहारीनंतर त्याच्या छातीत कळ आली, घामाने भिजला. रिक्षा दहा मिनिटांत आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. सलीम तालुक्याला गेलेला, चावी त्याच्या खिशात. त्याच्या बायकोने खिडकीतून सांगितलं, चावी त्यांच्याकडे असते. वीस-पंचवीस माणसं जमली होती. कुणीतरी पहार आणली. आणि खुर्चीत बसवलेला यासीन, शुद्धीवर होता तो, म्हणाला, "तोडू नका. भांडण वाढंल."

माझे शब्द होते ते. जसेच्या तसे.

कुणी तोडलं नाही. पंचवीस माणसं आणि एक कुलूप! खुर्चीसकट उचलून त्याला उतारावरून, पावसात, साकवावरून वळसा घालून नेलं. अर्धा तास गेला. साकवानंतर तो बोलायचा थांबला, असं भाभींचे भाऊ सांगतात. दहा मिनिटांत दवाखान्यात पोचला असता तर वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मीही सांगत नाही. पण दोनशे पावलं आणि अर्धा तास यांतला फरक कळायला डॉक्टर लागत नाही.

तीन आठवड्यांनी मी भाभींना भेटायला गेलो. गावात जो भेटेल तो मला एकच गोष्ट कौतुकाने सांगत होता. मय्यत निघाली तेव्हा सलीमने धावत येऊन स्वतः फाटक उघडलं, दोन्ही दारं सताड. जनाजा त्याच्या अंगणातून गेला. सगळ्यात पुढे खांदा त्याचा, ढसाढसा रडत होता. "शेवटी रक्ताचं नातं हो!" असं म्हणताना लोकांचे डोळे भरून येत होते. मला तिथल्या तिथे कुणाच्या तरी कानशिलात द्यावीशी वाटली. कारण मी फाटकापाशी उभा होतो आणि ते बंद होतं. कुलूप लावलेलं. मी साठीला आलेला माणूस, वाडीतून वळसा घेत, साकवावर चप्पल हातात धरून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन माझ्या मित्राच्या घरी पोचलो. भाभींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमचे भाई म्हणायचे, नाशिककर आला की त्याला त्या इंग्लंडच्या शेतकऱ्याची गोष्ट सलीमला सांगायला लावू." मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

चहा होतोय तोच सलीम आला. त्याला वळसा नाही. फाटक उघडून आला, मागे वळून पुन्हा कुलूप लावलं, मी ओट्यावरून पाहिलं. बोलायला सभ्य माणूस आहे. डोळेही खरेच सुजलेले होते, त्याचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. बसला, म्हणाला, "तुम्ही पेपरात लिहिणार म्हणे भाईंवर. एक तेवढं घाला. मय्यत माझ्या अंगणातून नेली. फाटक मी माझ्या हातानं उघडलं." मी म्हटलं, लिहीन. शब्द देतो. निघताना म्हणाला, "तुम्ही पाहुणे, चला इकडून, गाडी दाराशी येईल." मी विचारलं, "आणि भाभी?" तर म्हणाला, "त्यांचं काय आता, एकट्या बाईला जायचं असतं कुठं?"

मी आलो तसाच साकवावरून परत गेलो. भाभी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. त्यांना रेशनला जायचंच होतं.

सलीमभाई, शब्द पाळलाय. फाटक तुम्ही स्वतःच्या हाताने उघडलंत, हे छापून आलंय. पेपर जुबेदाभाभींना वाचून दाखवायला तुम्हीच जा. चावी खिशात असेलच, आणि तुम्हाला दोनशे पावलंच चालायचीत.