गौरवीची वेणी कोणी घालायची

माझी नणंद विनोदिनी लग्न होऊन पेडण्याला गेली आणि वर्षाच्या आत साखळीला माहेरी परत आली, ती कायमचीच. तिथे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही. पुढे मला गौरवी झाली, ती स्वमग्न आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि विनूला या घरात जागा मिळाली. जागा म्हणजे माझी. मी रागाने बोलते आहे हे मला कळतं, पण बोलते आहे ते खरं आहे.

विनूसारखं सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीचं कालवण, आमच्या वाड्यावर कोणाला जमत नाही, तेवढं मी मान्य करते. पण कौतुक झालं की नाक असं वर!

गौरवी बोलत नाही. बिनसलं की स्वतःच्या कानांवर थपडा मारून घेते, कान लालभडक होईपर्यंत. मग विनू हातातलं टाकून धावायची. तिला पुढ्यात बसवायची, केसांना तेल लावायची, फुगडीचं गाणं गुणगुणत वेणी घालायची. पोर शांत. मी वेणी घालायला घेतली की थपडा दुप्पट. "तिका आत्याच लागता," असं सगळं घर म्हणायचं. माझा नवरा गुरुदास तर आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा. नऊ महिने पोटात मी वागवली आणि लळा आत्याचा! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा फोंड्याहून ऋतिका नावाची मुलगी आमच्याकडे येऊ लागली. अशा मुलांना घरी येऊन शिकवणं हे तिचं काम. थपडांचं कारण म्हणून आम्ही तिला खाणीच्या ट्रकांचा आवाज, दृष्ट, अमावास्या, सगळं सांगून पाहिलं. ती बसून फक्त बघत राहिली. थपडांच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, एवढंच.

मग म्हणाली, "गौरवीला वेणी घालून हवी असते. ते सांगायची एकच रीत तिला ठाऊक आहे. मारून घेतलं की आत्या येते. तिला दुसरी रीत शिकवू या."

ती रीत अशी. गौरवीने फणी आणून ज्याच्या हातात दिली, त्याने काम सोडून तिची वेणी घालायची. थपडा सुरू झाल्याच तर कानाशी उशी धरायची, तिला लागू द्यायचं नाही, पण तेव्हा तेल नाही आणि गाणंही नाही.

"आमचां पोर आमका कळना, हिका कळता," विनू पुटपुटली. त्या दिवसापासून ऋतिकाच्या चहात साखर कमी पडू लागली. मला आतून उकळ्या फुटत होत्या. जळू दे, म्हटलं, थोडी तीही.

गौरवी फणी आणायला शिकली. थपडा कमी झाल्या. पण फणी जायची विनूकडेच. मी मुद्दाम वाटेत बसायची, तर मला वळसा घालून जायची.

परवा सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला. विनू फाटकाशी गेली, आणि गौरवीने फणी माझ्या मांडीवर ठेवली.  तिला पुढ्यात बसवलं आणि मुळापासून फणी ओढली. तिचा हात कानाकडे उठला.

दारात विनू पावांची पिशवी घेऊन उभी होती. तिने फक्त गप्प राहायचं होतं. थपडा सुरू झाल्या असत्या, आणि 'आत्याच लागता' पुन्हा आमच्या घरात नांदायला आलं असतं. ती पिशवी छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "वयनी, मुळासून नको. शेंड्यासून सोडवीत या. आनी डाव्या कानामागे फणी लावू नकात, थंयचे केस बोटांनी सोडवा. थंय तिका दुखता."

मी तसं केलं. गौरवीचा हात खाली आला. थोड्या वेळाने तिने डोकं माझ्या गुडघ्याला टेकवलं.

"हे तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"ती तीन वर्सांची होती तेव्हा." विनूचे डोळे भरले होते. "सांगलां असतां, तर माका कोण हाक मारतलो?"

गौरवी आता एकवीस वर्षांची आहे. अठरा वर्षं विनूने हे माझ्यापासून लपवलं. माझ्या हातात तिचे केस होते, म्हणून मी जागची उठले नाही.