चावी खिशात

आमच्या थांब्यावर नवीन गिऱ्हाईक आलं की ते ओविदिओला एक प्रश्न हमखास विचारायचं. मागच्या सीटवर बसलं की नजर जाते ती हँडलवरच्या हातांवर. उजवा ठीक. डाव्याला अंगठा आणि करंगळी, मधे काहीच नाही.

"अरे देवा, हे काय झालं हो?"

"भावाने केलं," ओविदिओ म्हणायचा, आणि ओठ पुढे काढून बदामाच्या झाडाकडे दाखवायचा. "तो काय, तिथे बसलाय." मग किक मारून निघून जायचा.

झाडाखाली फेर्मिन बसलेला असायचा. समोर पान्यांचा खोका, डिझेलचा डबा, दोरीवर वाळत घातलेली फडकी. तो मान वर करायचा नाही. पण त्याला ऐकू जात होतं. आम्हा सगळ्यांना जात होतं.

मी चागो. समुद्रकाठच्या बाराओना शहरात, बाजारामागे, आमचा चौदा मोटारसायकलींचा थांबा आहे आणि नारिंगी जाकिटावर माझा नंबर सात आहे. माणसं मागे बसवून पोहोचवायचा धंदा मी एकतीस वर्षं करतोय. त्यातली सव्वीस वर्षं माझ्या गाडीला फेर्मिनशिवाय दुसऱ्या कोणाचा पाना लागला नाही.

फेर्मिन अंगाने बारीक, बोलायला कमी आणि कामात भयंकर कंटाळवाणा माणूस. गाडी आली की आधी हात पुढे. "चावी." ती त्याच्या शर्टाच्या खिशात गेल्याशिवाय तो गाडीला शिवायचा नाही. मग गाडी सपाट जागी डबल स्टँडवर, पुढच्या चाकाला वीट. इंजिन गरम असेल तर थंड होईपर्यंत बसा. सायलेन्सरवर थुंकून बघायचा, चर्र वाजलं की परत स्टुलावर जाऊन बसायचा. आम्ही ओरडायचो, "अरे बाबा, ऑइल बदलायचंय, बाळंतपण नाही करायचं!"

"घाई असेल तर दुसरीकडे जा," तो म्हणायचा.

दुसरीकडे कोण जाणार? त्याच्या हातून गेलेल्या गाडीचा ब्रेक उतारावर कधी फसला नाही.

चेन पुसण्याचा सोहळा तर विचारूच नका. बाकी सगळं गाव काय करतं? गाडी डबल स्टँडवर घ्यायची, इंजिन चालू करायचं, पहिला गियर टाकायचा आणि फिरत्या चेनवर डिझेलचं फडकं धरायचं. दोन मिनिटांत काम. मीही तसंच करत आलेलो. फेर्मिन इंजिन बंद ठेवून, चाक हाताने उलटं फिरवत, चेन वीत वीत पुसायचा. उलटं अशासाठी की फडकं चुकून अडकलंच तर दात्यांत ओढलं जात नाही, दात्यांपासून लांब जातं. अर्धा तास जायचा. शेवटी चेनची ढील बघायची. ती दोन बोटं असावी लागते, पण ओविदिओ जवळ असला की आमच्यात कोणी 'दोन बोटं' म्हणत नसे.

ओविदिओ पूर्वी गिटार वाजवायचा. उगाच नाही सांगत, तो वाजवायला लागला की म्हाताऱ्या बायका खुर्च्या सोडून नाचायला उठायच्या. एका रविवारी सकाळी तो घरामागे चेन पुसत बसला होता. एकोणीस वर्षांचा फेर्मिन आला, भाऊ पलीकडे बसलाय हे न बघता त्याने किक मारली आणि गियर टाकला. फडकं आत गेलं, फडक्यामागे बोटं गेली. असं ओविदिओने दवाखान्यात खाटेवरून सांगितलं, त्यांच्या आईने, दोन्या रुफिनाने, ते गल्लीभर सांगितलं, आणि फेर्मिन कधी 'नाही' म्हणाला नाही.

गिटार सुटली. ओविदिओ क्लच नसलेली छोटी गाडी चालवायला शिकला, कारण तिला डावा हात नुसता धरण्यापुरता लागतो. आणि भावाला त्याने एक अट घातली. "माझी बोटं ज्याने चेनमध्ये घातली, त्यानेच ही चेन सांभाळायची." दर रविवारी, सकाळी सात वाजता. त्या गाडीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ओविदिओ स्वतःही लावत नसे.

फेर्मिनने निसटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा राजधानीत बंदरावर नोकरी लागत होती. एकदा पेदेर्नालेस गावच्या एका मुलीशी जमत आलं होतं. दोन्ही वेळा ओविदिओ एवढंच म्हणाला, "जा ना. तुला कोणी बांधून ठेवलंय?" आणि डावा हात टेबलावर पालथा ठेवला. बस. फेर्मिन त्या हाताकडे बघायचा आणि पिशवी परत खुंटीला लावायचा. बांधलं असतं तर निदान दोर तरी कापता आला असता.

आणि आम्ही? खोटं कशाला बोलू. आमचीही सोय होती. असा कारागीर, जो काही झालं तरी गाव सोडून जात नाही, कुठल्या थांब्याला मिळतो? 'बिचारा फेर्मिन' म्हणत आम्ही तेरा जणांनी आपापली पोळी भाजून घेतली. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

बदामाच्या झाडाला लागूनच नेरेइदाची कढई. ती यानिकेके तळायची, ताटाएवढी कुरकुरीत पोळी, आणि पहिली पोळी नऊ वर्षं फेर्मिनला जायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण फेर्मिनशी बोलताना आवाज खाली यायचा. तिच्या बहिणीने समानामध्ये, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, खानावळ काढली आणि हिला बोलावलं. नेरेइदा फेर्मिनला म्हणाली, "सहा आठवड्यांनी रविवारी, अकराची बस. येतोस का? मी पुन्हा विचारणार नाही. माझं वय नाही राहिलं विनवण्या करायचं."

फेर्मिनने भावाला सांगितलं. हात टेबलावर आला. "जा ना. फक्त माझी गाडी कोण बघणार तेवढं सांगून जा."

"तू बघशील," फेर्मिन म्हणाला. "मी शिकवतो."

मी त्यांच्या घरी तिथेच कॉफी पीत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला पिशवी खुंटीवरून काढून परत न लावताना बघितलं.

सहा रविवार शिकवणी चालली. ओविदिओ शिकत होता म्हणण्यापेक्षा न शिकण्याची शर्थ करत होता. पाना हातातून पाडायचा. मागच्या चाकाचा नट अर्धवट आवळून म्हणायचा, "झालं." फेर्मिन न चिडता सांगायचा, "पुन्हा सोड. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आण. आता आवळ. आता ब्रेक दाबून बघ." आणि दर वेळी सुरुवातीला, "चावी काढ. तुझ्या खिशात ठेव. माझ्या नाही, तुझ्या." ओविदिओ हटकून चावी गाडीलाच ठेवायचा. त्याला वाटत असावं, आपण शिकलोच नाही तर हा जाणार कसा? आणि फेर्मिनच्या तोंडावरून मलाही तेच वाटायला लागलं होतं. पाचव्या रविवारी तो नेरेइदाला म्हणाला, "अजून एखादा महिना मिळाला असता तर..." तिने कढईतली पोळी उलटली.

शेवटचा रविवार. बांधाबांधीत सातचे दहा वाजले होते. नेरेइदाची बोचकी झाडाखाली बांधून तयार. गाडी डबल स्टँडवर, पुढे वीट, इंजिन थंड, चावी अर्थातच गाडीला. फेर्मिन उजव्या बाजूला उभा, ओविदिओ डाव्या बाजूला चेनपाशी उकिडवा, दोनबोटी हातात फडकं. उजव्या हाताने चाक फिरवतोय, पुसतोय, फिरवतोय, पुसतोय. आणि गंमत म्हणजे त्याला जमत होतं. तोच हे विसरला होता की त्याला जमवायचं नाहीये. दहाएक मिनिटं गेली. मग त्याचा धीर सुटला. जित्याची खोड. मान वर न करता, अगदी सहज, तरुणपणीच्या त्या मिजाशीत तो म्हणाला, "ए, मार किक, टाक पहिला! कोण हाताने फिरवत बसतंय?"

फेर्मिन हलला नाही.

मी कॉफीचा कप तोंडापाशी धरून तसाच राहिलो. ओविदिओचा हात चेनवर थांबला. त्याने वर बघितलं आणि मी त्याचा चेहरा बघितला. अशा चेहऱ्याला साक्षीपुराव्याची गरज नसते. हे शब्द तो पहिल्यांदा म्हणत नव्हता. याच भावाला, असंच चेनपाशी बसून, त्याने हे एकदा आधी सांगितलं होतं.

मला वाटलं, आता फेर्मिन ओरडेल. सव्वीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर काढेल. मी तर त्याच्या वतीने शिव्या जमवायलाही लागलो होतो. त्याने काय केलं? हात पुढे करून चावी काढली, शर्टाच्या खिशात टाकली, भावाच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली चेन स्वतः पुसली. वीत वीत. ढील बघितली, नट आवळला, ब्रेक दाबला, दोन्ही चाकांतली हवा बघितली. मग साबणाने हात धुतले, पिशवी उचलली आणि नेरेइदाच्या मागे बसकडे गेला.

बस जाऊन दहा मिनिटं झाली असतील. ओविदिओ माझ्या गाडीपाशी आला. "चागो, तो माझी चावी घेऊन गेला."

"मग? तुझी गाडी स्क्रूड्रायव्हरने चालू होते. तूच करतोस, पावसाळ्यात चावी अडकली की."

"चागो, गाडी काढ."

ओविदिओ कधी कोणाच्या मागे बसत नसे. त्या दिवशी बसला. मी किक मारली. शहराबाहेर सैनिकांचा नाका आहे, तिथे प्रत्येक बस थांबवून कागद बघतात, रांग लागते. आम्ही पोहोचलो तेव्हा एक सैनिक नुकताच आत चढला होता. समुद्राच्या बाजूच्या खिडकीत फेर्मिन दिसला, पलीकडे मांडीवर कढई घेतलेली नेरेइदा.

फेर्मिनने आम्हाला बघितलं. त्याचा हात खिशावर गेला आणि त्याच्या तोंडावर ते जुनं आलं, सवयीचं, पिशवी खुंटीला लावतानाचं. तो उठला. खरंच उठला हो, वरच्या फळीवरून पिशवी काढायला लागला. नेरेइदाने त्याला अडवलं नाही. ती सरळ समोर बघत राहिली, कढईचे कान घट्ट धरून.

ओविदिओने डावा हात खिडकीच्या कडेवर ठेवला. पालथा. मला वाटलं, संपलं.

"उतरू नकोस," ओविदिओ म्हणाला. "नुसती चावी दे."

फेर्मिनने चावी दिली. ओविदिओने ती अंगठा आणि करंगळीत धरली, पण हात मागे घेतला नाही. नारळपाणीवाला ओरडत होता, सैनिक कोणाचा तरी फोटो आणि तोंड जुळवत होता.

"किक मार असं मीच म्हणालो होतो."

"हो."

"तुला आठवत होतं?"

"दर रविवारी."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" ओविदिओचा आवाज फुटला.

"त्या दिवशी माई खाटेपाशी रडत होती. म्हटलं, हात बरा झाला की तूच सांगशील." फेर्मिन पिशवी फळीवर परत ठेवून खाली बसला. "मग मी वाट बघत राहिलो."

सैनिक उतरला. बस हलली तरी ओविदिओ खिडकीला धरून चार पावलं सोबत चालला. मग त्याला हात सोडावाच लागला.

परत येताना तो माझ्या पाठीला टेकून रडला. माझं जाकीट ओलं झालं आणि मी त्याला चिडवलं नाही, यावरून काय ते समजा.

आता बदामाच्या झाडाखाली कोणी बसत नाही. रविवारी सात वाजता ओविदिओ स्वतः गाडी डबल स्टँडवर लावतो, वीट ठेवतो, सायलेन्सरवर थुंकतो आणि थांबतो. नट आवळायला मला हाक मारतो, कारण पलीकडचा पाना धरून ठेवायला दोन बोटांना तेवढा जोर नाही. चावी शर्टाच्या खिशात असते. मीही चेन बंद इंजिनवरच पुसतो, अर्धा तास जातो, मागे कोणी ओरडलं तर ओरडू देतो.

परवा एक बाई त्याच्या मागे बसली. बसल्या बसल्या तिने विचारलं, "अरे देवा, हाताला काय झालं?"

ओविदिओचे ओठ सवयीने झाडाकडे वळले. झाडाखाली कोणी नव्हतं.

"मी केलं," तो म्हणाला, आणि किक मारली.