जिन्यात दिलेलं मत

२८ डिसेंबर, रविवार. अमरावती.

दर्यापूरहून भावानं पोतंभर हरभऱ्याची भाजी पाठवली आहे. सकाळपासून निवडून गच्चीवर चादरींवर पसरते आहे. दोन चादरी भरल्या, तिसरी अर्धी झाली. पानांवरची आंबट-खारट आंब बोटांना लागून चुरचुरतं आहे, तरी मध्येच उठून लिहायला बसले. आज नाही लिहिलं तर पुन्हा लिहिणार नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि तो असा माणूस आहे की त्याला काहीही सांगता येतं, कारण तो अर्धं ऐकतो. तुम्ही पूर्ण ऐकाल असं धरून चालते.

आधी आमच्या रविवारांबद्दल सांगते. राजापेठेत माझे शिकवणीचे वर्ग आहेत, अकरावी-बारावीचं गणित. रविवारी वर्ग रिकामा असतो. तिथे आम्ही चौघं जमतो. मी, औषधाचं दुकान चालवणारा संजू, वकिली करणारा अभय, आणि अकोल्याहून मोटरसायकलवर येणारा प्रफुल्ल. तो तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. चौघांना जोडणारी गोष्ट एकच, इंडी रॉक. मोठ्या कंपनीच्या नादी न लागता पोरांनी आपल्या मर्जीनं काढलेले अल्बम. शिलाँगचे, दिल्लीचे, बंगळुरूचे, परदेशातले. नवरा म्हणतो, "या वयात गिटारी ऐकते, लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नाहीत. लोकांना माहीतच नाही.

आम्ही वाद घालायचो. फळ्यावर नावं लिहून, एकेक खोडत. संजू तर औषधाच्या खोक्यावर मुद्दे लिहून आणायचा. त्यात एक नियम होता, तो मीच केलेला. ज्यानं अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला नसेल, त्यानं त्या अल्बमवर मत द्यायचं नाही. मतदानाच्या वेळी उठायचं आणि बाहेर जिन्यात, चपलांजवळ जाऊन बसायचं. अभय कितीदा बसलाय. "माझे अशील मला ऐकू देत नाहीत," म्हणत निमूट जायचा. संजू बसला. प्रफुल्लही एकदा बसला. मी कधीच बसले नाही. मॅडम सगळं ऐकतात, ही माझी ख्याती होती, आणि ती मला आवडत होती. किती आवडत होती, ते पुढे कळेल.

दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. म्हणजे आजपासून सहा वर्षांपूर्वीची. दशकातले सर्वांत चांगले दहा अल्बम ठरवायचे होते. त्या पावसाळ्यातच प्रफुल्लनं स्वतःचा अल्बम पूर्ण केला होता. आठ गाणी. शब्द त्याचे, वऱ्हाडीतले. चाल त्याची, आवाज त्याचा. अकोल्याच्या उन्हाळ्यात खोलीची दारं लावून, पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवून त्यानं ते रेकॉर्ड केलं होतं — पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून. अकोल्याचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. आम्हा तिघांना त्यानं एकेक पेन ड्राइव्ह दिला. देताना मला म्हणाला, "मॅडम, तुमी आरामानं ऐका. घाई नाई." सोबत नेहमीसारखा डबा होता. त्याची आई दर रविवारी आमच्यासाठी तिखट पुऱ्या पाठवायची. आम्हाला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पण कोणाला किती तिखट चालतं ते विचारून ठेवलेलं होतं.

पेन ड्राइव्ह मी टेबलाच्या खणात टाकला.

वेळ नव्हता असं म्हणू का? वेळ होता. त्याच काळात मी एका परदेशी बँडचा अल्बम रोज ऐकत होते, पेपर तपासताना, भाजी चिरताना, कणीक मळताना. खण उघडायची, पेन ड्राइव्ह दिसायचा, लाल पेन घ्यायची आणि खण बंद करायची. मनात जे होतं ते असं — अकोल्याच्या एका खोलीत बसून, वऱ्हाडीत, एकटा माणूस असं काय करणार? वाईटच असेल, आणि मग त्याच्या तोंडावर सांगावं लागेल. वाईट आहे हे मी न ऐकताच ठरवलं होतं. आमच्याच मातीतलं आहे म्हणून ठरवलं होतं. मी, जी पुण्याच्या लोकांनी आपल्या बोलीला नाक मुरडलं की तावातावानं भांडते.

तो रविवार आला. नऊ नावं पक्की झाली. दहाव्या जागेसाठी दोन उरली: तो परदेशी अल्बम आणि प्रफुल्लचा. स्वतःच्या अल्बमवर मत नको म्हणून प्रफुल्ल आपणहून बाहेर जाऊन बसला. संजूनं त्याच्या बाजूनं मत दिलं. "आपल्या घरचं हाय म्हणून नाई देऊन रायलो. खरंच भारी हाय." अभयनं परदेशी अल्बमला दिलं आणि दहा मिनिटं कारणं दिली. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मला उठायचं होतं. एवढंच — उठायचं, दार उघडायचं, बाहेर त्याच्या शेजारी बसायचं. पण तिथे तो बसलेला होता. मी बाहेर गेले असते तर त्याला कळलं असतं की मी ऐकलेलं नाही. आत थांबले तर कळणार नव्हतं. हा हिशेब मी किती झटकन केला! गणिताची बाई ना.

मी परदेशी अल्बमला मत दिलं आणि प्रफुल्लचं नाव फळ्यावरून पुसलं.

नंतर जिन्यात सगळे चपला घालत होतो. संजू आणि अभय गप्पा मारत खाली उतरले. प्रफुल्ल मागे थांबला. हेल्मेट हातात धरून म्हणाला, "मॅडम, काय कमी पडलं? मले सांगा. राग नाई येत."

आणि मी सांगितलं. शांतपणे, वर्गात चुकलेली पायरी दाखवावी तसं. "ड्रम जरा जास्त वाजतात प्रफुल्ल. तुझा आवाज त्यात दबतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "ड्रम?"

"हो. पुढच्या वेळी कमी ठेव."

"बरं," म्हणाला. हेल्मेट घातलं आणि उतरला.

मला वाटलं, निभावलं. नवशिके ड्रम जास्तच वाजवतात. कुठल्याही अल्बमला लागू पडेल असं मत मी निवडलं होतं. पुढच्या रविवारी तो आला. डबाही आला. पण त्यानंतर त्यानं गाणं केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "होत नाई आता." दोन वर्षांनी उन्हाळ्यात त्याची आई गेली, तेव्हा आम्ही तिघं अकोल्याला जाऊन आलो. भिंतीवर गिटारीचा खिळा होता. गिटार नव्हती.

मी विचार केला का, की हे माझ्यामुळे? नाही. केला नाही. माझ्या खणात तो पेन ड्राइव्ह खोडरबरांत, खडूंत कुठेतरी गेला आणि मी त्याला जाऊ दिलं.

मग या दिवाळीनंतर आम्ही सेमाडोहला, जंगलात फिरायला निघालो. संजूची गाडी, प्रफुल्ल पुढे, मी आणि अभय मागे. परतवाडा सोडलं, घाट लागला आणि मोबाइलची रेंज गेली. संजूनं गाडीत पेन ड्राइव्ह लावला. गिटार सुरू झाली, आणि मग एक आवाज, कोरडा, जरासा थकलेला. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. हे कोण, असं मी विचारणारच होते. तेवढ्यात प्रफुल्ल म्हणाला, "बंद कर बे."

"बस ना. रेंज नाई, पळून जाशीन कुठं?" संजू म्हणाला.

तेव्हा मला कळलं की मी काय ऐकते आहे.

पहिलं गाणं संपलं. ड्रम आले नाहीत. मी स्वतःला म्हटलं, सुरुवात संथ ठेवली असेल. दुसऱ्यात आले नाहीत. तिसऱ्यात एका जागी गिटार थांबली, मी श्वास धरला — आता येतील. त्याच्या श्वासाचा आवाज आला फक्त. वळणावर वळणं येत होती, बाहेर सागाची मोठमोठी पानं धुळीनं भरलेली, आणि मी मागच्या सीटवर बसून ड्रमची वाट बघत होते. कुठेतरी एक ठोका तरी. एक चालला असता. एवढ्या मनापासून मी आयुष्यात कशाची वाट पाहिली नसेल. आठवं गाणं संपलं. गाडीत नुसता इंजिनचा आवाज राहिला.

"ड्रम काहून नाई टाकले बे तू?" संजूनं सहज विचारलं.

प्रफुल्ल खिडकीबाहेर बघत होता. "आई बाजूच्या खोलीत निजून राहे. तिले ठोका सहन नव्हता होत."

मागे वळून बघितलं नाही त्यानं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मॅडम, हे तुमी कसं काय पाडलं जी?" संजू आरशातून मला विचारत होता. ही दुसरी संधी होती, नाही का? गाडीत चौघंच, सगळे आपले. आणि मी म्हणाले, "तेव्हा चुरस फार होती रे."

संजूला गप्प बसवत नव्हतं. म्हणाला, यादी परत उघडू, दहाव्या जागेवर परत मत घेऊ. अभयही म्हणाला, माझं मत बदललं. तेव्हा प्रफुल्ल पहिल्यांदा जरा जोरानं बोलला. "काई उघडू नका. मॅडमनं पूर्ण ऐकून मत देल्लं होतं. राहू द्या."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या घरात राहायला आलं आहे. त्यानं मला वाचवलं की मला दाखवून दिलं? मला ठरवता येत नाही. आणि ते ड्रम — जे नव्हतेच — ते आता मला ऐकू येतात. पोरं गणित सोडवताना बाकावर पेन आपटतात, खाली शटर पडतं, शेजारी चटणी कुटतात, आणि मी थांबते. फळ्याकडे तोंड करून उभी राहते. पोरांना वाटतं मॅडमना उदाहरण अडलं.

आजची बैठक मी रद्द केली. तब्येत बरी नाही असं ग्रुपवर टाकलं. तब्येत ठणठणीत आहे. संजूनं लगेच लिहिलं, पुढच्या रविवारी यादी उघडायचीच. प्रफुल्लनं खाली उत्तर दिलं की मग मी येत नाही, मला ग्रुपमधूनही काढा.

म्हणजे माझं खोटं टिकावं म्हणून तो आता रविवारही सोडायला निघाला आहे.

२९ डिसेंबर, सोमवार.

सकाळच्या बॅचला सुट्टी दिली आणि अकोल्याची एसटी धरली. प्रफुल्ल कॉलेजला निघण्याच्या बेतात होता, दारातच भेटला. मी पायरीवरूनच बोलले. घरात बोलावलं असतं तर माझा धीर गेला असता.

"प्रफुल्ल, मी तुझा अल्बम ऐकला नव्हता. एकही गाणं नाही. ऐकला म्हणून मत दिलं आणि जिन्यात तुला खोटं सांगितलं. आज संजू-अभयला पण हेच लिहिते आहे."

"मले माहीत हाये मॅडम," तो म्हणाला. "त्याच दिवशी कळलं."

त्यानं दाराची कडी लावली, कुलूप हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला.

"त्या दिवशी घरी आलो तर आई जागीच होती. तिले सांगितलं, मॅडमनं सगळं ऐकलं, मॅडमले आवडलं. म्हटलं, तिले बरं वाटीन." त्यानं कुलूप लावलं. "तर ती विचारे, कोणतं गाणं आवडलं मॅडमले? रोज विचारे. जाईपर्यंत विचारे. मले एक नाव घेता नाई आलं."

त्याला कॉलेजला उशीर होत होता. तो गेला.

स्टँडवर उभ्यानंच मोबाइल काढला आणि संजू-अभयला लिहिलं: मी तो अल्बम ऐकला नव्हता. जे केलं ते सगळं लिहिलं, का केलं ते मात्र लिहिलं नाही. मग अमरावतीच्या गाडीत चढले.