भावजींची उडी

आमच्या भावजींइतका धीट माणूस मी पाहिला नाही, आणि पाण्याला त्यांच्याइतका भिणाराही दुसरा पाहिला नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तरुणपणी सिंधुदुर्गातून गोव्यात सुर्ल्याच्या खाणींवर आले आणि तीस वर्षे खनिजाचे ट्रक चालवत राहिले. एकदा उतारावर ब्रेक निकामी झालेला भरला ट्रक त्यांनी मातीच्या ढिगात घालून थांबवला आणि खाली उतरून आधी चहा मागितला. पण केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत हाच माणूस आपल्या गाडीतून उतरत नसे. हँडब्रेक ओढलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, अशा थाटात ते नदी ओलांडत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "मास्तर, बोटीक ब्रेक नाय. कोणाकडे तरी व्हयो मा?"

पायी चालतानाही वळायच्या आधी ते उजवा हात बाहेर काढत. डिचोलीच्या बाजारात त्या हाताने सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराची टोपली उलटता उलटता राहिली. वर त्यालाच म्हणाले, "सिग्नल दिलेलो मा!" मुलगी लष्करात अधिकारी होण्यासाठी अकादमीत दाखल झाली, त्या दिवसापासून भावजीही दाखल झाले. ती पहाटे उठते म्हणून हे साडेचारला उठत, चादर सुरकुती न ठेवता घालत, चपलांना पॉलिश करत आणि बहिणीचेही अंथरूण तपासत. "पोर गेली सैन्यात, आणि शिक्षा माका!" बहीण म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी भाची उन्हाळ्याच्या सुट्टीत आली ती गप्पच होती. परत जायला बारा दिवस उरले तेव्हा जेवताना बोलली. तिला पोहता येत होते, पण उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची परीक्षा होती, आणि फळीच्या टोकापर्यंत जाऊन ती दोनदा मागे फिरली होती. आता शेवटची संधी. ती हुकली तर एक सत्र वाया. "मी परत जातच नाही," ती म्हणाली. बहिणीने डोळे पुसले. भावजींनी स्वतःचे ताट धुतले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिला घेऊन कोरगावला माझ्या दारात हजर.

"मास्तर, तुमच्या काजीच्या बागेत तळी आसा. पाणी किती?"

"दीड पुरुष असेल."

"आणि काठावरल्या पंपाच्या खोलीचा छप्पर?"

मला प्रश्नाचा रोख कळेना. तासाभरात कळला. आमच्याकडे मुलांना पोहायला शिकवताना छातीला दोन सुके असोले नारळ बांधतात, साल न काढलेले. पन्नाशी उलटलेल्या भावजींनी चार बांधले. कमरेला सुंभाची दोरी बांधून तिचे टोक माझ्याकडे दिले. मी कपाटातले पोहण्यावरचे पुस्तक उघडले होते. "पुस्तक बाजूक ठेवा, दोरी धरा," भावजी म्हणाले आणि शिडीने छपरावर चढले. तिथे ते इतका वेळ उभे राहिले की शेवटी भाचीच खालून ओरडली, "बाबा, राहू द्या, उतरा!" त्यावर त्यांनी उजवा हात बाहेर काढला, सिग्नल दिला आणि उडी घेतली. नारळ उसळून हनुवटीवर आपटले, भावजी सामानाच्या बोचक्यासारखे वर आले आणि त्या सुट्टीत भाची पहिल्यांदा हसली.

त्या दिवशी तिने उडी मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भावजी मात्र मारत राहिले. तिसऱ्या सकाळी ते पाण्यातून वर येतात न येतात तोच तिने छपरावरून उडी घेतली. पुढे रोज दोघे आळीपाळीने. मी एकदा विचारले, "भीती गेली का हो, भावजी?"

"खय जातली? बाजूक बसता. पण स्टेरिंग तिच्या हातात देवचा नाय."

सुट्टी संपली, भाची गेली. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "बाबा, मारली!" भावजी "बरा झाला" एवढेच म्हणाले आणि फोन बहिणीकडे देऊन, धुतलेली गाडी पुन्हा धुवायला अंगणात गेले.

गेल्या पौषात भावजी झोपेतच गेले. या उन्हाळ्यात भाची आली. आईला एकटे सोडून कसे जायचे, असे म्हणत राहिली, आणि शेवटी निघाली. पेडण्याच्या स्टेशनवर तिला सोडायला मी गेलो. इतके दिवस मनात ठेवलेली गोष्ट तिथे सांगितली. त्या पहिल्या सकाळी छपरावर चढण्याआधी भावजींनी मला पंपाच्या खोलीमागे नेले होते. "मास्तर, माझा काय वाईट झाला, तर पोरीक सांगा, पाय घसरलो. उडी मारलेली म्हणान सांगू नका. मग ती कधी मारूची नाय."

ट्रंक खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही तसं सांगितलं असतं, मामा?"

"सांगितलं असतं."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "बाबांना तेही ठाऊक असणार. म्हणजे वर यायलाच हवं होतं त्यांना."

गाडी आली. मी ट्रंकेला हात घालायच्या आत तिने ती उचलली होती. "येते, मामा," म्हणाली आणि चढली. भावजी असते तर इंजिनापर्यंत चालत जाऊन ड्रायव्हरला, पोर आत आहे, सांभाळून न्या, असे बजावून आले असते. मलाही ते सुचले, पण गाडी सुटल्यावर.