थांबोबाचा उतार

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढं जे काही आहे त्यात चूक सगळी माझीच आहे.

मी शाळेत गेलो नाही. अर्धं आयुष्य बैलांमागं गेलं, उरलेलं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. म्हातारपणी मुलानं, मंगेशनं, भाजी नागपूरला न्यायला एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन दिली. आमचं गाव पारशिवनीजवळ. व्हॅन आधी धरमपेठेतल्या एका बेकरीची होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना केकची चित्रं अजून तशीच आहेत. रस्त्यानं पोरं हात दाखवून थांबवत. मी मागचं दार उघडून वांगी दाखवली की बिचारी केककडं एकदा पाहून निघून जात.

चावी हातात देताना मंगेश म्हणाला, "बाबा, जुनी गाडी हाय. घरघर करन, धूर फेकन, ते चालते. पण ब्रेकनं दगा देला ना, तर मी विकून टाकीन. मंग तुम्ही ओट्यावर बसा."

ओट्यावर बसणं मला जमत नाही. बसून काय पाहायचं? दुसऱ्यांच्या गाड्या?

तर आमच्या गावाबाहेर कालव्याचा पूल आहे. पुलापर्यंत चढ, पलीकडे लांब उतार, आणि उताराच्या शेवटी, वळणावर, सुदामचं घर आणि त्याच्या कडब्याचा ढीग. पहिल्याच खेपेला वांगी भरून पूल चढलो, उताराला लागलो, ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखं. दोन्ही पाय दिले. हँडब्रेक ओढला, तो तर बेकरीच्या काळापासूनच ढिला. गाडी आपली मजेत गेली आणि कडब्यात तोंड खुपसून उभी राहिली.

सुदाम घरातून बाहेर आला. गाडीकडं पाहिलं, केककडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काहून गा काका, चाऱ्याले लागली का तुमची गाडी?"

मी म्हटलं, "मंगेशले फोन नको करू."

कामठी रोडला हमीद म्हणून एक मेकॅनिक आहे, भला माणूस. त्यानं चाकं उघडली, म्हणाला, ब्रेक शू घासले आहेत. बदलले. पैशांचं विचारू नका, आठवड्याची वांगी त्या चाकांत गेली. हमीदनं सपाट रस्त्यावर चालवून पाहिली. "काका, मख्खन."

पुढच्या खेपेला पुन्हा कडबा.

हमीदनं मास्टर सिलिंडर बदलला. त्यात सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, अख्खा वाफा गेला. पुन्हा सपाट रस्ता, पुन्हा मख्खन. आणि मी उताराला लागलो की पुन्हा दगड.

आता सुदाम विचारात पडला. "काका, गाडी नागपूरपावतर नीट जाते ना?"

"जाते ना."

"हमीदजवळ नीट चालते?"

"चालते."

"मंग गाडी चांगली हाय. जागा खराब हाय."

मलाही पटलं. आता न पटायला काय होतं? उताराच्या मध्यावर, कडेला, कालव्याच्या कामातला एक दगड पडून होता. सुदामनं त्याला शेंदूर लावला, मी नारळ फोडला. आणि वरून हमीदकडं जाऊन तो म्हणेल तो पार्टही बदलून घेतला, कारण देव आपल्या जागी, मेकॅनिक आपल्या जागी. या वेळी बूस्टर निघाला. बूस्टर म्हणजे काय ते मी विचारलं नाही. एक बकरी विकली.

चौथ्यांदा कडब्यात गेलो तेव्हा सुदाम बाहेरसुद्धा आला नाही. आतूनच म्हणाला, "काका, राहू द्या, मी ढीग सावरतो. गाडी मागं घ्या."

मग हमीद स्वतः आला. म्हणाला, "काका, आज तुम्ही चालवा. मी बाजूले बसून पाहतो. रोज जसं चालवता तसंच."

पूल चढलो. माथ्यावर आलो. आणि मी रोजच्यासारखी चावी फिरवली, गाडी बंद केली, न्यूट्रल केली, सोडली.

हमीद माझ्या हाताकडं पाहत राहिला. "काका, हे काय केलं?"

"उतार आहे ना. थोडा दम खाऊ दे तिले."

"कोणाले?"

"गाडीले. बैलालेही उतारावर जू सैल पडते, हमीद. म्हातारी गाडी, चढ चढून आली."

त्यानं चावी फिरवून गाडी चालू केली. मी ब्रेकवर पाय ठेवला. लोण्यात बोट जावं तसं पेडल खाली गेलं. दगडाजवळ गाडी अलगद उभी राहिली.

"काका, बूस्टर इंजिनच्या दमावर चालते. इंजिन झोपलं तर बूस्टर झोपला, अन् ब्रेक लाकूड झाला. हे तुम्ही कवापासून करून राहिले?"

"घेतली तवापासून."

हमीदनं डोक्याला हात लावला. मग म्हणाला, "मी तर साऱ्या गाडीले हात लावला. तुमच्या हाताले नाई लावला." मंगेशला सांगू नको म्हटलं, तर मान डोलावली. मग माझ्या घरी चहाला बसला, तर चहा थंड होईपर्यंत एकटाच हसत होता.

गाडी नीट झाली. पण गावाला कारण कुठं माहीत? सुदाम सांगत सुटला, दगडानं काकांची गाडी धरली. येणारेजाणारे ट्रॅक्टर, टेम्पो थांबू लागले. झेंडा लागला. नाव पडलं थांबोबा. आणि सुदामनं कडब्याच्या जागी नारळाचं दुकान टाकलं.

दिवाळीला मंगेश घरी आला. व्हॅन तोच चालवत होता, मी बाजूला. पुलाचा माथा आला, थांबोबाचा झेंडा दिसला. मंगेश हळू आवाजात म्हणाला, "देवापुढं घरघर कायले," आणि चावी फिरवली.

"बेटा, चालू कर! बंद गाडीले ब्रेक लागत नाई!"

त्यानं चालू केली. गाडी बरोबर दगडापाशी थांबली. मंगेश माझ्याकडं वळला.

"बाबा, हे तुमाले कसं माहीत?"

मी दगडाकडं पाहिलं. दगड काही बोलला नाही. मग मीच सगळं सांगितलं, बकरीसकट.

मंगेश स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसला. म्हणाला, "नाई विकत. ब्रेकनं दगा नाई देला ना, तुम्ही ब्रेकले देला. पण सुदामले सांगा आता खरं."

सुदामला सांगायचंच म्हणून मी खाली उतरलो. तो दुकानातून लगबगीनं आला. "या काका. तुमच्यामुळं चार पैसे भेटून राहिले. कडब्याचं तं तुमी किती नुकसान केलं होतं, आठवते का?"

आता सांगा, अशा माणसाला खरं कसं सांगायचं?

एक नारळ घेतला. तेव्हापासून दर खेपेला घेतो. गाडी आता काही मागत नाही. दगड मागतो.