खड्ड्यात परतणाऱ्या गाड्या

मुलुंड पूर्वेला वनमालाला ओळखत नाही असं दार विरळाच. वीस वर्षं मीटरची रीडिंगं घेत जिने झिजवलेले. कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायचा कंटाळा करायची. म्हणूनच शर्मिष्ठाने तिला सर्व्हेला घेतलं. शर्मिष्ठा इंजिनियर. दहा वर्षांनंतरचं उपनगर ती कॉम्प्युटरवर मांडत होती. कोळसा नाही, डिझेल नाही, सगळी वीज ऊन-वाऱ्यावर. दुपारच्या उन्हावर गाड्या चार्ज व्हायच्या आणि संध्याकाळी दारात उभ्या राहून घरांना वीज परत द्यायच्या. कुणाची गाडी कधी घरी येईल, ते वनमालाने लिहून आणायचं.

आज ते सगळं स्क्रीनवर चालू झालं. तिथल्या घड्याळात सात वाजले, तसे गाड्यांचे निळे ठिपके घराकडे वळले. त्यातले एकेचाळीस एकाच चौकोनात उतरले.

वनमालाने तो चौकोन ओळखला. ती तिचीच जुनी इमारत. रिडेव्हलपमेंटला पाडून चार वर्षं झाली, बिल्डर पळाला. आता तिथे नुसता खड्डा, हिरवं पाणी आणि बगळे. पण घरं सोडताना कुणी 'जातो' म्हटलं नव्हतं. सगळे म्हणाले, 'येतो हं.' तेच धरून तिने सगळ्यांचे फॉर्म भरले. दहा वर्षांत येतीलच की!

ठिपके पाण्यात ओळीने उभे राहिले आणि वीज देऊ लागले.

"झकास ना, ताई?" शर्मिष्ठा म्हणाली. "वारा पडला तरी समोरचं डायलिसिस सेंटर या गाड्यांवर तगतंय. त्यांना वेगळी बॅटरी नको, असंच उद्याच्या रिपोर्टात लिहिते."

वनमालाने त्या चौकोनावर बोट ठेवलं. "मॅडम, तिथे कुणी नाही."

"म्हणजे?"

"पाणी आहे. फॉर्म मी माझ्या मनाने भरले."

"वाट लावलीत की हो!" शर्मिष्ठाने कपाळावर हात मारला. "नशीब, आज बोललात. वाचा एकेक, काढून टाकते."

"शिवदास. सव्वासात."

ठिपका विझला. शिवदास बदलापुरात धडधाकट आहे, हे वनमालाला ठाऊक होतं. तरी आपणच त्याला पाण्यात लोटलं, असं तिला वाटलं.

"माणिक. साडेसात."

एकेक ठिपका विझत गेला तसं स्क्रीनवरचं सेंटर मिणमिणलं, मग लाल झालं. बॅटरी हवी, असं शर्मिष्ठाने टिपून ठेवलं.

शेवटचा फॉर्म वनमालाने हातातच धरून ठेवला.

"कुणाचा?"

"माझा. नवीन घर मिळालं की स्कूटर घेणार होते."

"राहू दे मग. एका स्कूटरने काय फरक पडतोय?"

खड्ड्यात एकच ठिपका उरला होता. शेजारीपाजारी कुणी नाही, आणि तो आपला वीज देतच होता.

"काढा," वनमाला म्हणाली. "मला एकटीला तिथे ठेवू नका."