फाडायचा राहिलेला कागद

मुलीला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकण्याचा विकार आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. घरातला पहिला पदवीधर मी. मला ते पटेना. अलिबागच्या एसटी स्टँडवर बायकोला म्हणालो, “फाड तो कागद. पोरगी नुसती मस्तीखोर आहे.”

लेक बाकावर शेजारी बसलेल्या वयस्क कोळीणबाईंच्या टोपलीभोवती गिरक्या घेत होती. बाई रागावल्या नाहीत. टोपलीतले सुके बोंबील लावता लावता म्हणाल्या, “फाडू नको रं बाबा. माझी पोर अशीच व्हती. बोंबील वाळत घालताना तिला जाळ्याच्या दोरीनं खांबाला बांधायचो. मस्ती म्हणून मारायचो. आमाला कागद कोनी दिला न्हाय.”

त्यांची एसटी आली, त्या गेल्या. आम्ही आमची सोडली आणि पुढची तारीख घ्यायला दवाखान्यात परतलो. त्यांचे आभार राहिले, ते इथे मानतो.